साफ करून देते

आमच्या दुकानात दिवसभर एक वाक्य बोललं जातं. ‘ठेवून जा, साफ करून देते.’ फोन मंद झाला, साफ करून देते. कॉम्प्युटर अर्ध्यावर अडकला, साफ करून देते. कीबोर्डवर चहा सांडला, तरी तेच. त्याचा नेमका अर्थ काय, हे गिऱ्हाईक विचारत नाही आणि आम्ही सांगत नाही. या वाक्यानं माझं दुकान चाललं. आणि याच वाक्यानं मी एका बाईचं नाव तिच्या गावात खराब केलं. तिच्या हातचं काम त्यामुळे गेलं.

अंकासाठी लेख मागणाऱ्यांना माझ्याकडून गमती हव्या होत्या. ‘तुमच्याकडे नाना तऱ्हेची माणसं येत असतील, लिहा त्यांच्याबद्दल,’ असं म्हणाले. येतात, आणि गमतीही होतात. त्या आधी सांगते. माझा स्वभाव फार बोलण्याचा नाही. वर्गात शिकवते तेवढंच काय ते बोलणं. मशीनशी माझं जमलं तेही बहुधा त्यामुळेच. मशीन कधी ‘काऊन’, म्हणजे ‘का’, असं विचारत नाही.

तिरोड्याला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान आहे. समोर दुरुस्तीचं काउंटर, आत पडद्यामागे कॉम्प्युटरचा वर्ग. गोंदियाला सामान आणायला जावं लागतं, तेव्हा तिकडचीही कामं करते. अशीच एकदा गेले असताना फुलचूरकडच्या एका राइस मिलमधून फोन आला.

“मैडम, जल्दी आइए, कंप्यूटर चिल्ला रहा है!”

गेले, तर ऑफिसात कॉम्प्युटर दिसेना. टेबलावर नुसता बारदान्याचा ढीग. मुनीमजींनी तांदळाची रिकामी पोती मॉनिटरवर, स्पीकरवर, सगळीकडे टाकली होती, आणि त्या पोत्यांखालून एक बाई इंग्रजीत धमकावत होती. मागे भोंगा वाजत होता.

“बंद क्यों नहीं किया?” मी विचारलं.

“लिखा है, बंद करोगे तो सब डाटा उड़ जाएगा. तो हमने सोचा, आवाज तो दबा दें. बाहर हमाल लोग काम छोड़के खड़े हो गए.”

शेठजी कोपऱ्यात उभे होते आणि मोबाइलवर कुणाशी तरी अतिशय अदबीनं बोलत होते. “हाँ जी सर... वो नंबर आया है सर... बोलता हूँ सर.” पडद्यावर जो मदतीचा नंबर दाखवला होता तो त्यांनी लावला होता. पलीकडचा माणूस त्यांच्याकडून कॉम्प्युटरचा ताबा मागत होता, आणि शेठजी तो द्यायच्या बेतात होते. मी पोती बाजूला केली आणि चालू-बंदचं बटण दाबून धरलं. पडदा काळा झाला, बाई गप्प झाली. शेठजींनी मोबाइलवर हात ठेवला आणि घाबरून म्हणाले, “मैडम, कंपनीवाले लाइन पे हैं, नाराज हो जाएँगे!”

कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. सगळं जिथल्या तिथे होतं. एक अक्षरही उडालं नव्हतं.

जे लोक या धंद्यात नाहीत त्यांच्यासाठी इथे सांगून ठेवते. इंटरनेटवर फिरताना अचानक अख्खा पडदा लाल झाला, भोंगा वाजला, ‘व्हायरस सापडला, या नंबरवर ताबडतोब फोन करा’ असं आलं, तर ते एक चित्र असतं. दारावर येऊन ‘तुमच्या घरात साप आहे’ म्हणून ओरडणाऱ्या माणसासारखं. तो घरात आलेला नसतो, त्याला काही दिसलेलं नसतं. वेबसाइटला आपल्या मशीनच्या आत बघून व्हायरस मोजताच येत नाहीत. खरं सुरक्षेचं सॉफ्टवेअर फोन नंबर देत नाही, भोंगा वाजवत नाही, उलटी मोजणी लावून घाई करत नाही. घाई केली की समजा, खोटं आहे. ते पान बंद करायचं. होत नसेल तर मशीन बंद करायचं. परत उघडताना ‘मागची पानं उघडू का’ असं विचारलं तर नको म्हणायचं. नंबर लावायचा नाही. लावलाच असेल आणि ताबा किंवा पैसे दिले असतील, तर मशीनचं इंटरनेट तोडायचं आणि आधी बँकेला, मग सायबर पोलिसांना कळवायचं. लाजत बसायचं नाही. हे शेवटचं सांगायला मी स्वतः फार उशिरा शिकले.

दुसरे एक आजोबा आठवतात. सौंदडकडचे, तिरोड्याला लेकीकडे आलेले. त्यांच्या मोबाइलवर हिंदीत सूचना आली होती, ‘आपका फोन भारी मात्रा का वायरस से संक्रमण को प्राप्त हुआ, सुधार को तुरंत स्पर्श.’ कुठल्याशा मशीननं भाषांतर केलेलं असणार. मी म्हणाले, “आजोबा, वाचून बघा ना. ही काय हिंदी आहे? असं कोणी बोलतं का?”

आजोबा शांतपणे म्हणाले, “बाई, तलाठ्याचा कागद मले कधी समजला नाई. बँकेचा बी नाई समजला. बिलावरचा बी नाई. हा बी नाई समजला, म्हनून त मी समजलो का हा खरा हाये.”

मी हसले. मग दिवसभर त्यांचं वाक्य डोक्यात राहिलं. ज्या माणसाला आयुष्यभर प्रत्येक अधिकृत कागद न समजणाऱ्या भाषेत मिळाला, त्यानं खोटं ओळखावं तरी कशावरून?

तिसऱ्या तऱ्हेची गिऱ्हाइकं मी लांबूनच ओळखते. ती फोन काउंटरवर पालथा ठेवतात. दुकानात दुसरं कोणी असलं तर झेरॉक्सचे दर विचारत उभी राहतात. रिकामं झालं की हळूच म्हणतात, “मॅडम, मित्राचा आहे.” या फोनवर काय असणार ते मला न बघता माहीत असतं. ‘तुम्ही अश्लील साइट पाहिल्यामुळे तुमच्या फोनात व्हायरस शिरला आहे.’ सोबत तसलंच एखादं चित्र. ही सूचना ज्यानं तयार केली त्याला माणसं कळतात. व्हायरसच्या भीतीनं माणूस निदान शेजाऱ्याला विचारतो. लाजेनं कोणालाच विचारत नाही. एकटा पडतो आणि सूचना सांगेल ते करतो. ज्यांनी काही पाहिलंय त्यांना ती येते, ज्यांनी काहीच पाहिलं नाही त्यांनाही येते. बायकांना येते, पोथी वाचणाऱ्यांना येते. कारण तिचा पाहण्याशी संबंधच नसतो. संबंध असतो तो एका बटणाशी.

आता त्या बटणाची गोष्ट.

बचत गटाच्या बायकांचा वर्ग मी पहिल्यांदा घेतला तेव्हा त्या खुर्चीच्या टोकावर बसायच्या. माउस धरायचा म्हणजे विंचू धरायचा, असं तोंड करायच्या. पडद्यावर इंग्रजीत काही आलं की सगळ्यांचे हात मागे. एक म्हातारी बाई रडकुंडीला येऊन म्हणाली, “बाई, येवढ्या बटना हायेत, कोनती दाबू?” मी पाहिलं, पुढे जाण्याचं बटण निळं होतं. मी तिच्याच बोलीत म्हणाले, “निरी बटन दाब, अना समोर जाय!”

अख्खा वर्ग हसला. आमच्याकडे निळ्याला निरा म्हणतात, डोळ्याला डोरा. मॅडम आपल्यासारखं बोलल्या, म्हणून त्या खुर्चीवर मागे सरकून बसल्या. त्या दिवसापासून भीती गेली. आणि खरंच, फॉर्म भरा, ॲप टाका, पैसे पाठवा, पुढे जाण्याचं बटण बहुतेक ठिकाणी निळंच. न वाचता, न अडता बायका धडाधड कामं करायला लागल्या. बाजारात मला ‘निरी बटनवाली मॅडम’ म्हणून ओळखू लागले. मी वरवर रागावायचे, पण मला ते आवडायचं. तालुक्यातल्या कितीतरी गावांत माझी ती युक्ती पोचली.

पुढे वेबसाइटवाले हुशार झाले. एखादं गाणं, एखादं चित्र शोधायला जावं तर मध्येच एक चौकट येते, ‘तुम्ही मशीन नसून माणूस आहात हे दाखवायला अनुमती द्या.’ खाली दोन बटणं. अनुमती द्या हे निळं. ते दाबलं की आपण त्या साइटला आपल्या फोनवर केव्हाही सूचना पाठवायची परवानगी देऊन बसतो. मग ती सूचना फोन बंद करून पुन्हा सुरू केला तरी येते. साध्या मेसेजसारखी दिसते, वर व्हायरसचं नाव घेते, अश्लील बोलते. ती काढायला फार काही करावं लागत नाही. तिच्यावर बोट दाबून धरायचं, खाली साइटचं नाव दिसतं, तिथेच तिच्या सूचना बंद करायच्या. नाहीतर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये सूचनांची यादी असते, तिथून परवानगी काढून घ्यायची. चहाचा घोट घेण्याइतका वेळ.

माझ्या वर्गातल्या बायकांना या सूचना इतरांपेक्षा जास्त येत होत्या. हे माझ्या लक्षात आलं होतं. कारणही लक्षात आलं होतं. मी वर्गात शिकवणं हळूच बदललं, ‘आधी वाचा, मग दाबा’ म्हणायला लागले. पण जुन्या बायकांना बोलावून, मी चुकीचं शिकवलं, असं मी सांगितलं नाही.

दुर्गा त्या जुन्या वर्गातली. तिरोड्याजवळच्या एका गावातली पोवारांची सून. गावाचं नाव लिहीत नाही. माझ्या हाताखालून गेलेल्यांत तिच्याइतकी चटपटीत कोणी नव्हती. गावातल्या सगळ्या बचत गटांच्या नोंदी मोबाइलवर भरायचं काम तिला मिळालं होतं. नवरा लोकेश वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला. घरात सासू-सासरे, लग्नाची नणंद. मोबाइल तिचा स्वतःचा होता, आणि त्याच्यामुळे गावातल्या बायका तिला दुर्गाबाई म्हणायला लागल्या होत्या. वयानं मोठ्या बायकासुद्धा.

नणंदेच्या लग्नासाठी ती मेंदीचे नमुने शोधत होती. चौकट आली, तिनं निळं बटण दाबलं. नमुने मिळाले. दोन-तीन दिवसांनी नणंदेच्या होणाऱ्या सासरची माणसं आली असताना सासूनं मोठ्या कौतुकानं सुनेचा मोबाइल मागितला, पाहुण्यांना मेंदी दाखवायला. मोबाइल पाहुण्यांच्या हातात असताना ती सूचना आली. चित्रासकट.

दुसऱ्या दिवशी लोकेश आणि त्याची आई दुकानात आले. दुर्गा मागे, पायरीवरच उभी. आत येत नव्हती. लोकेशनं फोन माझ्यासमोर ठेवला आणि आवाज दाबून विचारलं, “मॅडम, एकच गोष्ट सांगा. हा खरा हाये का?”

मी सूचना पाहिली. खोटी होती. पाहिल्याबरोबर कळलं. दुर्गा माझ्याकडे बघत होती. वर्गात उत्तर येत असलेली मुलगी जशी बघते, की आता मॅडम बरोबर म्हणतील, तशी.

त्या वेळी दुकानात खुर्चीवर एक साहेब बसले होते. महिलांच्या प्रशिक्षणाचं काम कोणाला द्यायचं हे त्यांच्या शब्दावर ठरायचं. ते नुकतेच म्हणाले होते, “तुमची ती निळ्या बटणाची पद्धत मी वर सांगितली आहे. सगळीकडे वापरता येईल.” मी ‘हे खोटं आहे’ म्हणाले असते तर लोकेशनं विचारलं असतं, मग आलं कसं? मी म्हणाले असते, तिनं निळं बटण दाबलं. आणि दुर्गा म्हणाली असती, तुम्हीच शिकवलं.

हे सगळं डोक्यातून जायला किती वेळ लागतो? मी फोन उचलला आणि म्हणाले, “ठेवून जा. साफ करून देते.”

लोकेशचा चेहरा बदलला. मी तो बदलताना पाहिला. साफ करायचं म्हणजे घाण आहे. ते गेल्यावर मी बोट दाबून धरलं, सूचना बंद केली. बाकी त्या फोनात काहीही नव्हतं. मेंदीचे नमुने, गटांच्या नोंदी, नवऱ्याचे आणि नणंदेचे फोटो. बाजार करून ते परत आले तेव्हा सासूनं विचारलं, “निंगली का घान, बाई?”

साहेब अजून बसले होते.

“निघाली,” मी म्हणाले.

फोन लोकेशनं घेतला, दुर्गाच्या हातात दिला नाही. चालताना ती एकदा वळली. मी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघत होते.

पुढे काही महिन्यांनी त्याच गावची पुष्पा नावाची बाई नोंदींचं ॲप शिकायला आली. मी म्हणाले, “हे काम तर दुर्गा करते ना?”

“करत होती जी. आता मले देल्ले.” मग पुढे वाकून, “तिच्या फोनात तसला निंगला म्हनते. घरच्यायनं फोनच काढून घेतला. बायका बी म्हनल्या, आपल्या गटाचा सप्पा हिसाब असल्या बाईजवर कायले ठेवाचा? तुमाले त माईतच हाये, तुमीच त साफ केल्या.”

मी तिला ॲप शिकवलं. नीट शिकवलं.

यानंतर तरी मी लगेच दुर्गाकडे गेले असेन असं वाचणाऱ्याला वाटेल. गेले नाही. आज जाऊ, धान कापणी झाल्यावर जाऊ, लग्नसराई उरकल्यावर जाऊ. प्रशिक्षणाचं काम मला मिळालं होतं, वर्ग भरलेले होते. नव्या वर्गाला मी फार मन लावून शिकवत होते, जणू त्यानं काही फिटणार होतं.

अशाच एका वर्गात माझा लॅपटॉप प्रोजेक्टरनं भिंतीवर दाखवत होते. बायकांना अर्जाचा नमुना दाखवायचा होता. आणि भिंतीच्या कोपऱ्यात, हातभर मोठ्या अक्षरांत सूचना आली. तीच, गंदी साइट, व्हायरस आणि खाली तसलं चित्र. कुठेतरी घाईत माझंच बोट निळ्या बटणावर पडलं होतं.

“हे खोटं आहे बरं का!” मी ओरडलेच. “हे कोणालाही येतं. मी असलं काहीही उघडलेलं नाही. कोणी काही मनात आणू नका!”

“हाव जी मॅडम, आमाले नाई माईत का,” बायका म्हणाल्या. एकीनंही संशय घेतला नाही. मॅडम म्हणाल्या म्हणजे खोटंच असणार. पुढच्या मिनिटाला त्या अर्जाकडे वळल्या.

मी मात्र तिथेच उभी राहिले. माझ्यावर आलं तर तोंडातून शब्द निघायला क्षणसुद्धा लागला नव्हता. आणि माझा शब्द इतका चालतो हे मला त्याच क्षणी कळलं. तेवढा एक शब्द त्या दिवशी दुर्गासाठी बोलले असते तर पुरला असता.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून दुर्गाच्या गावी गेले. लोकेश सुट्टीवर होता. सासरे ओसरीत बसलेले, गळ्यात तुळशीची माळ, गावच्या भजनी मंडळातले. सासूनं पाणी दिलं. घरात आपसात पोवारीत, त्यांच्या घरच्या बोलीत, बोलणं चालू होतं, मला पाहून मराठीत आलं. दुर्गा दारात उभी राहिली. कोणी बसायला सांगायच्या आधीच मी म्हणाले, “दुर्गाच्या फोनात काही घाण नव्हती. ती सूचना खोटी होती. मला तेव्हाच माहीत होतं.”

सासूचा हात थांबला. “मंग घान निंगली, असा काऊन म्हनल्या तुमी?”

“दुकानात गर्दी होती,” मी म्हणाले. इतकं ठरवून गेले होते, तरी तोंडातून हेच निघालं.

“गर्दी नोहोती, मॅडम,” दुर्गा म्हणाली. तिचं ते पहिलं वाक्य. “एक साहेब बसले होते, अना आमी.”

मग मी सगळं सांगितलं. साहेब, प्रशिक्षणाचं काम, माझी युक्ती, आणि तीच युक्ती वापरून दुर्गा कशी अडकली ते. सूचना कशी येते तेही सांगितलं. लोकेश खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. तेवढ्यात सासरे उठले, आत गेले. धानाच्या कोठीचं झाकण वाजलं. बाहेर आले तेव्हा हातात त्यांचा मोबाइल होता, फडक्यात गुंडाळलेला. तो माझ्यापुढे धरून, बायकोकडे न बघता म्हणाले, “माह्यात बी येते ते.”

सासू उभीच राहिली. “तुमी? भजन म्हनून येता, अना कोठीजवर बसून हाच पाहून राह्यले होते का?”

“म्या का पाह्यलो? आपल्याच मनानं येते ते! म्हनून त धानात ठेवलो!”

मला हसू आलं असतं, पण दुर्गाकडे लक्ष गेलं. ती सासऱ्यांकडे बघत होती. रागानं नाही. मोजून घेतल्यासारखी.

“मामाजी,” ती म्हणाली, “माह्यावर बोलले तवा तुमी इथंच बसले होते.”

सासरे खाली बसले. माळेवरून हात फिरवत राहिले. लोकेश उठून आत गेला, दुर्गाचा फोन घेऊन आला आणि तिच्यापुढे धरला. “घे. चुकलो मी.” तिनं फोन घेतला, त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे वळली.

“घरात सांगून का होते, मॅडम? घरातून गोष्ट कवाचीच बाहेर गेली. बायकायच्या बैठकीत सांगा. जिथं माह्या कामाचा फैसला झाला, तिथं.”

मी हो म्हणाले. घरी येऊन त्या साहेबांनाही फोन केला आणि निळ्या बटणाची पद्धत चुकीची आहे, ती पुढे शिकवू नका, असं सांगितलं. ते म्हणाले, “आता हे काय मधेच?” नंतर त्यांनी फोन केलेला नाही.

बैठक गावच्या समाजमंदिरात होती. मी लॅपटॉपही नेला होता, भिंतीवर दिसलेली ती सूचना त्यातून अजून काढली नव्हती. सतरंजीवर बायका बसलेल्या, पुष्पा पुढे नोंदी घेत होती. दुर्गा मागे भिंतीला टेकून बसली होती, तिच्या आजूबाजूला जागा मोकळी होती. ती मोकळी जागा मला फार मोठी दिसली. मी उभी राहिले. मला वाटलं होतं, शिकवल्यासारखं बोलेन. तसं झालं नाही. मी अडखळत, दोनदा पाणी पिऊन सांगितलं. दुर्गाचा फोन स्वच्छ होता. मी खोटं बोलले. माझ्या कामासाठी बोलले. आणि हे बटण मीच तुम्हाला शिकवलं.

एक बाई पदर चाळवत होती. मग दुसऱ्या रांगेतली एक जण खालमानेनं म्हणाली, “माह्या बी फोनवर येते.”

“तुह्यात बी?” शेजारची म्हणाली. “अवो, मले वाटे माह्याच फोन नासला.”

“मी त पोराईले हातच लावू नाई देत.”

“मी त नवरा घरी आला का बंदच ठेवतो!”

हसू फुटलं. एकदम, सगळीकडून. पुष्पानं लिहायचं थांबवून स्वतःचा फोन वर केला, “हे घ्या, मी बी!” आणि सगळ्या जणी उठून, फोन पुढे धरून, सवयीनं माझ्याकडे यायला लागल्या. मीही सवयीनंच हात पुढे केला.

“तुमी बसा, मॅडम,” मागून दुर्गा म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता आणि मायाही नव्हती. ती उठली, बायकांच्या मधून पुढे आली आणि सतरंजीच्या मधोमध बसली. “कोनाचा पयला? बोट दाबून धर. सोडू नोको. आता खाली का लिवला हाये, वाच. मी नाई वाचत, तूच वाच.”

नोंदींचं काम तिला परत मिळालेलं नाही. पुष्पा ते चांगलं करते, तिच्या हातून कायले काढता, असं दुर्गाच म्हणाली. पण त्या दुपारी गावातल्या बायका आपापले फोन, ज्यांना त्या नवऱ्यालाही हात लावू देत नव्हत्या, तिच्या मांडीवर ठेवत होत्या. एकेक जण मोठ्यानं वाचत होती, अडखळत, अक्षराला अक्षर लावून. चुकली की दुर्गा तिला पुन्हा वाचायला लावत होती.

मी बसले. कोणीतरी सरकून मला जागा दिली. माझी पाळी येईपर्यंत मी लॅपटॉप मांडीवर घेऊन थांबले.